भरलेली तबकडी, कोरी तबकडी

हैदराबादची गाडी पकडायला निघताना जब्बारसाहेबांनी अमृतराव खिल्लाऱ्यांच्या हातात एक कागद दिला आणि म्हणाले, "खिल्लारेसाब, कुछ नहीं है. कोरी डिस्क नीचे के खाने में डालो, ये चार लायनां टाईप करो, बस. औजार-बिजार नक्को. सब मशीन के पेट में हैच."

अमृतरावांनी कागदाची घडी घालून ती छातीच्या खिशात ठेवली आणि वरून हात दाबून धरला. अठ्ठावीस वर्षं मोजणी खात्यात आणि आता दोन वर्षं धरणाच्या कचेरीत हेडक्लार्क, एवढ्या नोकरीत त्यांच्यावर विश्वासाने सोपवलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे कपाटाच्या किल्ल्या. आणि आज हा सव्वीस वर्षांचा इंजिनियर त्यांच्या हाती कंपुटर देऊन सासऱ्याच्या आजारपणाला निघाला होता.

साल एकोणऐंशी. डोंगरकडा गावाच्या अलीकडे माळावर धरणाच्या कामाची वसाहत पडली होती, आणि तिच्या मधोमध पत्र्याच्या कचेरीत, थंड हवेच्या एका खोलीत, कपाटाएवढा कंपुटर उभा होता. तो इथं कसा आला हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. "वरून आला," एवढं सगळे सांगत, आणि वरून आलेल्या गोष्टीची खालच्यांनी चौकशी करायची नसते. त्याला तीन खण होते. वरच्यात मशीनची स्वतःची तबकडी कायमची बसलेली. मधल्यात भरलेली तबकडी घालायची. खालचा खण रिकामा होता, कारण दुसरी तबकडी आत्ता कुठे आली होती.

भरलेल्या तबकडीत काय आहे हे अमृतरावांना जब्बारसाहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं, तेव्हा ते बसलेल्या खुर्चीतून उठले होते. धरणाखाली जाणारी पाच गावं. चारशे बारा कुटुंबं. त्यांची घरं, विहिरी, बैल, आंब्याची झाडं, आणि नव्या गावठाणात कुणाला कोणता प्लॉट. सगळं त्या पांढऱ्या डब्यात, पुरणाच्या ताटाएवढ्या एका तपकिरी चकतीवर. अमृतरावांनी ती दोन्ही हातांवर घेऊन पाहिली होती. पाच गावांचं वजन सव्वादोन शेर भरलं असेल नसेल.

मूळ फॉर्म वरच्या कचेरीत गेले होते. वर गेलेला कागद खाली यायला किती दिवस लागतात हे हेडक्लार्कला कुणी सांगायची गरज नसते. म्हणून मोठ्या साहेबांचा हुकूम होता: पुढच्या शुक्रवारी प्लॉटवाटप, त्याआधी भरलेल्या तबकडीची नक्कल कोऱ्या तबकडीवर काढून ठेवावी. आणि नक्कल काढायच्या आधी कोरी तबकडी 'फॉरमॅट' करावी.

तबकडीची ही बातमी संध्याकाळपर्यंत वसाहतीत पसरली, आणि ज्याच्या-त्याच्या मनात अमृतरावांना मदत करायची तीव्र इच्छा उत्पन्न झाली.

पहिला आला शेजारचा मोहनसिंग. त्याचं वारंगा फाट्यावर ट्रकदुरुस्तीचं दुकान, आणि कुठलंही यंत्र म्हणजे लहान किंवा मोठा ट्रक, असं त्याचं तत्त्वज्ञान.

"खिल्लारेजी, मशीन कशानं मरते?" त्याने ओट्यावर बसत विचारलं.

"कशानं?"

"धूळ. पिस्टन असो का कंपुटर. ही तबकडी उघडी ठेवून राहिले तुमी. हिला गवसणी पाहिजे."

"ती डब्यात बंद हाय, मोहनसिंग."

"डब्याला गवसणी पाहिजे."

पलीकडच्या नर्मदाबाईंनी भिंतीवरून सांगितलं की गवसणीत कडुनिंबाचा पाला घालावा, कसर लागत नाही. तबकडीला कसर लागत नाही असं अमृतराव म्हणणार होते, पण त्यांनाच खात्री नव्हती. ज्या वस्तूत पाच गावं मावतात तिला काय लागतं आणि काय लागत नाही हे कुणी सांगावं?

पद्माबाईंनी, म्हणजे अमृतरावांच्या मंडळींनी, एका रात्रीत कोऱ्या मांजरपाटाच्या दोन गवसण्या शिवल्या. एकसारख्या. नवऱ्याची पंचाईत होऊ नये म्हणून एकीवर लाल दोऱ्याने 'भ' काढला, दुसरीवर 'को'. भरलेली आणि कोरी. शनिवारी अमृतरावांनी दोन्ही तबकड्यांना गवसण्या चढवल्या आणि शिपाई सोनाजीला बोलावून दाखवल्या. सोनाजी दाराशीच हात जोडून उभा राहिला, इतक्या त्या शोभत होत्या.

सोमवारी सकाळी पाहतात तो दोन्ही डब्यांवर पांढरी भुकटी. कोऱ्या मांजरपाटाची खळ! धुळीपासून वाचवायला आणलेल्या कापडानेच धूळ केली होती. अमृतरावांनी घाईघाईने गवसण्या उतरवल्या, डबे पुसले, फडताळात शेजारी शेजारी ठेवले, गवसण्या घरी पाठवल्या. पद्माबाईंनी त्या दोनदा धुऊन, तापत्या पत्र्यावर वाळवून दुपारी परत दिल्या. अमृतरावांनी त्या पुन्हा चढवल्या. कुठल्या डब्याला कुठली, ह्याबद्दल त्यांच्या मनात क्षणभरही शंका आली नाही. शंका आली असती तर ही गोष्ट घडलीच नसती.

मंगळवारी सकाळी फॉरमॅटचा मुहूर्त ठरला. मधेच वीज गेली तर घात, म्हणून मोहनसिंग आपलं डिझेल इंजिन घेऊन कचेरीच्या मागे हजर झाला. 'भ' मधल्या खणात गेली, 'को' खालच्या. अमृतराव मशीनला जोडलेल्या टाईपरायटरसमोर बसले. त्यांनी घडीचा कागद उलगडला आणि एकेक अक्षर एका बोटाने, दर अक्षराआधी कागदाकडे बघत, टाईप केलं. चौथी ओळ संपली. मशीन क्षणभर गप्प राहिलं, आणि मग कुणी हात न लावता टाईपरायटर आपणहून चालू झाला आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली.

"काय म्हणतंय?" सोनाजीने दबक्या आवाजात विचारलं.

अमृतरावांनी चष्मा सारखा केला. "विचारून राहिलं, की ह्या तबकडीवरचं सगळं जाईल. खात्री हाय का?"

अमृतरावांना आजवर वरच्या कचेरीने शेकडो प्रश्न विचारले होते: विलंब का झाला, जावक क्रमांक का नाही, शाई निळी का. पण 'तुमची खात्री आहे का' असं कुणी कधी विचारलं नव्हतं. ह्या प्रश्नाला आपल्या अधिकारात उत्तर देणं बरोबर नाही, असं त्यांच्या तीस वर्षांच्या सेवेने त्यांना सांगितलं. ते उठले, टेबलाशी गेले आणि टिपणी लिहिली: 'यंत्राने खात्रीबाबत विचारणा केली आहे. आदेशार्थ सादर.' मोठे साहेब पाहणीला गेले होते. ते पाऊण तासाने आले, टिपणी वाचली, कपाळाला हात लावला आणि खाली लिहिलं, 'कार्यवाही करावी.' अमृतराव सहीचा कागद घेऊन परतले. मशीन तिथंच थांबलेलं होतं, त्याच ओळीवर. रागावलं नव्हतं, कंटाळलं नव्हतं. एवढ्या वेळात कुठल्याही साहेबाने तीन वेळा घंटी वाजवली असती. अमृतरावांना त्याच्याबद्दल फार आदर वाटला, आणि त्यांनी होकाराचं बटण दाबलं.

खालच्या खणातून घुर्र आवाज आला. पाच मिनिटं मशीन तबकडीवरून फिरत राहिलं आणि मग त्याने कळवलं की तबकडी तयार आहे, मात्र तीन जागा खराब आहेत. तिथं काही लिहिणार नाही.

"पोटखराबा!" अमृतराव ओरडले.

"आँ?" सोनाजी दचकला.

"अरे, पोटखराबा! गटात नाला असतो, खडक असतो. पेरता येत न्हाई. मोजणीत तेवढा बाजूला लिहितो की आपण! ह्यानं आधी शिवार फिरून पाहिलं, बांध घातले, खराबा बाजूला काढला. आता पेरणी!" त्यांनी मशीनवर हात ठेवला. "सोनाजी, हे मशीन न्हाई. हा मोजणीदार हाय."

मग त्यांनी नक्कल काढायची ओळ टाईप केली. मशीनने उत्तर दिलं, की मधल्या खणातली तबकडी कोरी आहे. नक्कल कशाची काढू?

अमृतरावांनी ओळ पुन्हा टाईप केली. मशीनने उत्तर पुन्हा दिलं, त्याच शांतपणे. मग ते मधल्या खणाकडे गेले, डबा बाहेर काढला, उलटा केला. तळाशी बारीक अक्षरांत जब्बारसाहेबांच्या हातची चिठ्ठी होती: 'नवी'.

बाहेर मोहनसिंगचं इंजिन विनाकारण धडधडत होतं.

कचेरीच्या पायरीवर त्याही मंगळवारी चतुराबाई बसलेली होती. बुडणाऱ्या पाच गावांतल्या मोरगव्हाणची हटकराची म्हातारी, मेंढरं राखणारी. गेले चार आठवडे ती येत होती. पहिल्या मोजणीत आपलं नाव लिहून घेतलं, सायबानं शाईवर फुंकर मारली, मग आपण मेंढरं घेऊन पुसेगावकडं गेलो, हे ती दर वेळी सांगायची. आणि यादीत नाव नाही, हे अमृतराव दर वेळी सांगायचे. आज ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून तीच उठली.

"काहून हो, मालक? आजारी हायसा का?"

"न्हाई, बाई."

"मंग माझं नाव...?"

"आज कुणाचंच नाव न्हाई," अमृतराव म्हणाले, आणि डोंगरकड्याच्या पोस्टाकडे चालू लागले.

हैदराबादला ट्रंक कॉल लागायला साडेतीन तास लागले. तोवर पोस्टात वीस माणसं जमली होती, त्यांतली दोन पत्र टाकायला आलेली. फोनवर ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं, त्यामुळे अमृतरावांनी आपला गुन्हा अख्ख्या गावाच्या साक्षीने कबूल केला.

"भरलेली पुसली! म्या पुसली!"

पलीकडे खरखर झाली. मग जब्बारसाहेबांचा आवाज आला. "उसके बाद कुछ लिखे क्या उसपे?"

"न्हाई!"

"एक अक्षर भी?"

"न्हाई साहेब!"

"तो हाथ नक्को लगाओ! मशीन बंद करो, ताला डालो! मैं आरौं!"

घरी पोचेपर्यंत शेजारी ओट्यावर जमले होते. अमृतरावांना सांत्वन नको होतं, पण सांत्वन काही विचारून येत नाही.

"किती मानसं व्हती हो त्याच्यात?" नर्मदाबाईंनी पदर तोंडाला लावून विचारलं.

"चारशे बारा कुटुंबं."

"अगाई! लेकराबाळांसकट?"

मोहनसिंग म्हणाला की त्याच्याकडे स्पीकरचा मोठा चुंबक आहे. कॅसेटच्या फितीवर चुंबकानेच अक्षर उठतं असं त्याने ऐकलंय, तर तबकडीवरून एकदा फिरवून पाहू. अमृतरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चुंबकासकट वारंगा फाट्याला निघून गेला. पण मन राहीना. पुढचे दोन दिवस ते कंपुटरच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसले, किल्ली मुठीत. साहेबांनी आत बोलावून एक मेमो दिला: तबकडी पुसली जाण्याचा खुलासा तीन दिवसांत करावा. कचेरीत आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत हेडक्लार्कने चढवायचा असतो, म्हणून अमृतरावांनी आपला मेमो आपल्याच सुंदर अक्षरात चढवला, विषयाच्या रकान्यात 'स्वतः' असं लिहिलं, आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

पद्माबाई डबा घेऊन आल्या, त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"माझ्या धुण्यानं झालं," त्या म्हणाल्या.

"तुमी बराबर धुतल्या. म्या चढवल्या."

"एकसारख्या शिवायलाच नको व्हत्या."

"पद्मा," अमृतराव म्हणाले, "कापडावर काय लिव्हलंय ते पाहिलं म्या. तबकडीवर काय लिव्हलंय ते पाहिलं न्हाई. मोजणीदारानं शिवारात न जाता नकाशावर सही करावी, तसं झालं. त्यात तुमचा काय गुन्हा?"

जब्बारसाहेब गुरुवारी दुपारी उतरले, धुळीने पांढरे होऊन. ते रागावले नाहीत, हे अमृतरावांना सर्वांत जड गेलं. त्यांनी हातपाय धुतले, चहा प्याले आणि कुलूप काढून आत गेले. अमृतराव, सोनाजी आणि मोठे साहेब मागे उभे राहिले.

"सुनो खिल्लारेसाब," जब्बारसाहेब टाईप करता करता म्हणाले, "तुम किताब नहीं जलाए. तुम खाली पहिला पान फाडे. किधर क्या लिखा है, वो पान. बाकी सब पान अपनी जगह पे हैं. ये मशीन में एक हिकमत और है, एकेक पान पलटके देखती, के इधर कुछ था क्या."

"म्हणजे पुसलेलं जात न्हाई?"

"जबतक ऊपर से दुसरा नहीं लिखते, नहीं जाता."

खालच्या खणातून तीच घुरघुर सुरू झाली, पण ह्या वेळी फार सावकाश. दहा मिनिटं. वीस. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग टाईपरायटर एकदम तडतडला आणि कागदावर इंग्रजी अक्षरांत पहिलं नाव उतरलं: मल्हारी नामाजी, मोरगव्हाण. त्यामागून दुसरं. तिसरं. एका ओळीत एक कुटुंब, विहीर, बैल, झाडं. कागद मशीनमधून निघून जमिनीवर घड्या घालत पडू लागला. सोनाजी खाली बसला आणि तो दोन्ही हातांत झेलू लागला. अमृतरावांच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि त्यांनी ती पुसली नाही; पुसण्याचा त्यांना आता धसका बसला होता.

चारशे बारावं नाव आलं. मशीन थांबलं नाही.

"अरे?" जब्बारसाहेब पुढे वाकले. "ये क्या है?"

पुन्हा मल्हारी नामाजी. पुन्हा दुसरं, तिसरं. तीच यादी, पण तीच नव्हे. जब्बारसाहेबांच्या लक्षात आलं: ही मार्चमधली पहिली यादी. दुसऱ्या मोजणीनंतर नवी यादी चढवली आणि ही काढून टाकली होती. मशीनला हुकूम होता की जे सापडेल ते आण. त्याने तेही आणलं होतं. ही यादी चारशे एकोणीसवर संपली.

अमृतराव जमिनीवर बसले आणि दोन्ही कागद शेजारी पसरून बोटाने जुळवू लागले. एकशे सदतिसाव्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी ते नाव तीनदा वाचलं. चतुराबाई कोंडीबा, मोरगव्हाण. घर एक. मेंढ्या बावीस.

"साहेब," ते म्हणाले, "सात नावं उडाली. दुसऱ्या मोजणीला जे घरी सापडले न्हाईत ते. ही बाई तवा मेंढरं घेऊन पुसेगावकडं गेली व्हती. मोजायला गेलेल्याला घर बंद दिसलं."

साहेबांनी चष्मा काढला. "खिल्लारे, ती यादी काढून टाकलेली आहे. कचेरीच्या दृष्टीने ती अस्तित्वात नाही."

एरवी अमृतराव इथे 'जी साहेब' म्हणाले असते. पण दोन दिवस स्टुलावर बसून माणसाचं काहीतरी झिजतं, आणि काहीतरी घट्टही होतं.

"सातबाऱ्यावरून नाव कमी करायचं तर आपण खोडत न्हाई, साहेब. कंस करतो. फेरफाराचा नंबर टाकतो, ज्याचं नाव काढलं त्याला नोटीस देतो. आतलं नाव वाचता आलंच पाहिजे, असा नियम हाय. इथं कंस न्हाई, नंबर न्हाई, नोटीस न्हाई. कुणीतरी नुसतं पुसलं." त्यांनी कागद पुढे केला. "म्या बी पुसलं, त्याचा मेमो मला मिळाला. हे पुसणाऱ्याला कुणी मेमो दिला?"

खोली फार थंड होती, तरी साहेबांनी रुमाल काढून मान पुसली. बराच वेळ त्यांनी दोन्ही कागद पाहिले. मग सोनाजीकडे वळून म्हणाले, "जा, पेन आण."

शुक्रवारी वाटप झालं, चारशे एकोणीस कुटुंबांचं. मागून जोडलेले सात प्लॉट नव्या गावठाणाच्या कडेला, चढावर पडले. ते आखायला माणूस नव्हता. तेव्हा अमृतरावांनी कचेरीतली मोजणीची जुनी साखळी काढली, एक टोक सोनाजीच्या हातात दिलं आणि धोतर खोचून स्वतः उन्हात उतरले. चार कोपऱ्यांना चार दगड रोवले. चतुराबाई आणि तिची मेंढरं सगळी मोजणी बघत उभी होती.

"हे घ्या बाई, तुमचं," अमृतराव म्हणाले. "पहिल्या यादीतलं एकशे सदतीस."

ती दगडांच्या आत शिरून मधोमध गेली, वाकून तीन धोंडे जुळवले, काटक्या गोळा केल्या आणि पदराच्या गाठीतून चहाची पुडी काढली. एक मेंढी धरून तिने वाटीत दूध काढलं.

"या मालक, आत या," तिने हाक मारली. "च्या घ्या."

अमृतराव कडेलाच थांबले. मोजणीच्या नोकरीत त्यांनी शेकडो घरं मोजली होती, बहुतेक बाहेरून.

"बाई," त्यांनी विचारलं, "दार कुठं येनार हाय?"

चतुराबाईने क्षणभर विचार केला आणि उगवतीकडच्या दोन दगडांमध्ये बोट दाखवलं. अमृतराव सोनाजीला घेऊन प्लॉटला वळसा घालून तिकडे गेले, तिथं दोघांनी चपला काढून नीट ओळीत ठेवल्या, आणि डोकं थोडं वाकवून आत गेले.